बिल विदर्स: डबा घेऊन आलेला गायक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी घरीच हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकवतो. नव्या मुलाला पहिलं पाश्चात्त्य गाणं बहुतेक वेळा ‘लीन ऑन मी’ देतो, कारण त्यात बोटांना फारसे कष्ट पडत नाहीत. मग प्रश्न सुरू होतात. हा कोण? अजून गातो का? रीलवर ते दुसरं गाणं असतं, तेही याचंच ना? मुलं विचारतात, न्यायला आलेले आईबाबा विचारतात, आणि दरवेळी उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. एक आधीच सांगतो: आपण ‘किशोर गातो’ म्हणतो ना, त्याच मायेनं इथे ‘विदर्स गातो’ असं लिहिलंय. त्यात अनादर नाही.

बिल विदर्स नेमका कोण?

अमेरिकेतला सोल गायक आणि गीतकार. जन्म ४ जुलै १९३८, मृत्यू ३० मार्च २०२०. पहिला अल्बम १९७१ मध्ये आला, शेवटचा १९८५ मध्ये. एकूण आठ स्टुडिओ अल्बम आणि तीन ग्रॅमी, म्हणजे तिकडचा मोठा संगीत पुरस्कार. नाव माहीत नसलं तरी ‘एन्ट नो सनशाइन’, ‘लीन ऑन मी’, ‘लव्हली डे’, ‘जस्ट द टू ऑफ अस’ यांतलं एखादं गाणं तुमच्या कानावरून गेलेलं असणारच.

मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं, तर तो बत्तिसाव्या वर्षी गाण्यात आला आणि पन्नाशीच्या आत उठून निघून गेला. येताना घाई नव्हती, जाताना हळहळ नव्हती. पुढचे बरेच प्रश्न फिरून याच गोष्टीपाशी येतात.

सोल म्हणजे कोणतं संगीत?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गॉस्पेल नावाची भक्तिगीतं गातात. टाळ्या, डफासारखं टॅम्बोरिन, एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलून धरायची. ज्यानं भजनाचा फड अनुभवलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९५० च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक वगैरे मंडळींनी हाच आवेश घेऊन देवाऐवजी माणसाच्या प्रेमाची गाणी म्हटली. चर्चमधल्या कित्येकांना ते आवडलं नाही, पण त्यातूनच सोल उभं राहिलं. पुढे डेट्रॉईटमध्ये मोटाऊन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स या कंपन्यांनी ते घराघरांत पोचवलं.

विदर्सचं वेगळेपण असं की तो ओरडत नाही. सोल म्हटलं की घाम, किंकाळी, गुडघ्यावर कोसळणं, हे चित्र समोर येतं. हा मात्र स्टुलावर बसून गिटार वाजवत, ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तसा गातो.

त्याचं बालपण कुठे गेलं?

वेस्ट व्हर्जिनियात स्लॅब फोर्क नावाची कोळसा खाणीची छोटी वस्ती आहे. तिथे जन्म, आणि वाढला जवळच्या बेकली गावात. सहा भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील खाणीत कामाला. आईवडील लवकर वेगळे झाले, वडील गेले तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. आई लोकांच्या घरी कामं करायची. मुलाला वाढवलं ते बरंचसं आईच्या माहेरच्या माणसांनी, आणि त्यातही आजीनं.

घरातले पुरुष खाणीत जात. हा गेला नाही.

तो तोतरा होता, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि थोडाथोडका नव्हे. विशी उलटून गेली, अठ्ठाविशी आली, तोवर बोलताना तो अडखळत असे. तोतरेपणामागे समोरच्याची भीती असते, ऐकणारा आपल्याला काय समजेल ही धास्ती असते, असं पुढे तो स्वतःच सांगायचा.

माझा आपला एक अंदाज आहे. त्याच्या गाण्यांत शब्द इतके मोजके का, याचं मूळ इथेही असेल. ज्याला प्रत्येक शब्दासाठी झगडावं लागलंय, तो शब्द उधळत नाही. ‘एन्ट नो सनशाइन’ जेमतेम दोन मिनिटांचं आहे.

त्याच्यावर २००९ मध्ये ‘स्टिल बिल’ नावाचा माहितीपट आला. त्यात तो न्यूयॉर्कमधल्या तोतऱ्या मुलांच्या नाटकमंडळीला भेटायला जातो. मुलं अडखळत बोलतात, हा शांतपणे ऐकतो, आणि त्याचे डोळे भरून येतात. त्याच्या कुठल्याही मैफलीपेक्षा मला तो प्रसंग जास्त आठवतो.

गाण्यात येण्याआधी तो काय करत होता?

नोकऱ्या. कोवळ्या वयात अमेरिकेच्या नौदलात गेला आणि नऊ वर्षं राहिला. त्या काळी कृष्णवर्णीय पोराला तिथे स्वयंपाकी किंवा वाढपी करून टाकायचे. ते नको म्हणून यानं विमान दुरुस्तीचं काम शिकून घेतलं. विमानातलं तेल काढण्याएवढी अक्कल आपल्यापाशी आहे हेसुद्धा लोकांना पटवून द्यावं लागायचं, असं तो सांगत असे. १९६५ मध्ये नौदल सोडलं. मग कॅलिफोर्नियात दारोदार दूध टाकलं, कारखान्यांत कामं केली. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि विमानांचे भाग बनवणाऱ्या वेबर एअरक्राफ्टच्या कारखान्यात लागला. तिथलं त्याचं काम म्हणजे बोइंग ७४७ मधले संडास तयार करणं.

मुलं इथे हमखास हसतात. हसू द्यावं. तोही त्यावर विनोद करायचा.

मग गाणं सुचलं कुठून?

याचं उत्तर त्यानं स्वतः दिलंय आणि त्यात कलेची तहान वगैरे अजिबात नाही. ओकलंडमधल्या एका क्लबात लू रॉल्स हा गायक येणार होता आणि त्याला उशीर झाला होता. क्लबचा मॅनेजर येरझाऱ्या घालत कुरकुरत होता: या माणसाला आठवड्याला २००० डॉलर मोजतो आणि याला वेळेवर येता येत नाही! विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत. तेवढ्यात रॉल्स आला आणि क्लबातल्या सगळ्या बाया त्याच्याभोवती जमल्या. इतका वेळ विदर्सकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्यानं हिशेब केला. गहाणवट्याच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेतली, वाजवायला शिकला आणि गाणी लिहू लागला. पगारातून पैसे साठवून स्वखर्चानं नमुन्याची रेकॉर्डिंग केली आणि कंपन्यांचे उंबरे झिजवले. अखेर ससेक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीच्या क्लेरन्स अव्हांट यांनी त्याला घेतलं, १९७० मध्ये. बत्तीस वर्षांचा गायक म्हणजे त्या धंद्यात तेव्हाही म्हाताराच.

पहिल्या अल्बमच्या कव्हरवर त्याच्या हातात काय आहे?

जेवणाचा डबा. ‘जस्ट अॅज आय अॅम’, १९७१. फोटो कारखान्याच्या दारातच, जेवणाच्या सुट्टीत काढलेला. साधा टी-शर्ट, जीन्स, दाराला टेकलेला, चेहऱ्यावर किंचित हसू. हा डबा फोटोसाठी कुणी आणून दिलेला नव्हता. फोटो झाल्यावर तो उघडून जेवायचं होतं आणि भोंगा झाला की आत जायचं होतं.

रेकॉर्ड निघत असतानाही त्यानं नोकरी सोडलेली नव्हती. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही, हे त्याचं ठाम मत. पुढे कारखान्यातून कपात झाली तेव्हा तो घरी बसला, आणि मग एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक, कामावर परत या. दुसरं, जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात गायला या. आपल्याकडच्या कुठल्याही गिरणगावातल्या घरी अशी दोन पत्रं आली असती तर घरात किती खल झाला असता, त्याची कल्पना करा.

तो अल्बम कुणी केला?

निर्माता बुकर टी. जोन्स. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतला ऑर्गनवादक, सोल संगीतात मोठं नाव. ड्रमवर अल जॅक्सन, बास गिटारवर डक डन, गिटारवर स्टीफन स्टिल्स. एवढी तालेवार मंडळी एका खोलीत जमलेली.

बुकर टी. यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. विदर्स कारखान्यातून थेट आला. पायात कामाचे जाडजूड बूट, खटारा गाडी, हातात गाण्यांची वही. स्टुडिओतली माणसं पाहिली आणि बुकर यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ही गाणी म्हणणार कोण आहे? बुकर म्हणाले, तूच.

त्याला वाटलं होतं, कुणीतरी गायक येणार असेल.

पैसे कमी होते. मोजकेच दिवस स्टुडिओ मिळाला, तोही मधे सहा महिन्यांच्या खंडानं. ऐकताना ती घडण जाणवते: वाद्यं थोडी, मधे मोकळी जागा, आणि आवाज अगदी कानाशी.

‘एन्ट नो सनशाइन’मध्ये तो ‘आय नो, आय नो’ एवढ्या वेळा का म्हणतो?

सव्वीस वेळा. मोजून बघा, मी मोजलंय. खरं तर तिथे कडवं लिहायचं राहिलं होतं. जागा भरायला म्हणून तो ‘आय नो’ म्हणत राहिला, पुढे शब्द घालू असं ठरवून. वादक म्हणाले, हात लावू नकोस, असंच ठेव. हा नवखा, ते सगळे मुरलेले. त्यानं ऐकलं.

कल्पना आली ती ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ या १९६२ च्या सिनेमावरून. दारूत बुडालेलं एक जोडपं, एकमेकांना धरून बुडणारं. आपल्यासाठी जे वाईट त्याचीच ओढ का लागते, हे विदर्सच्या मनात राहिलं. ‘ती घरात नसली की ऊन नसतं’, एवढंच गाणं म्हणतं. पण ‘मला कळतंय’ हे सव्वीस वेळा म्हणणारा माणूस काही कळून सुधारणारा नव्हे, हे ऐकणाऱ्याला समजतं. एकही जास्तीचा शब्द न वापरता. लिहून पूर्ण केलेलं कडवं एवढं बोललं असतं असं मला वाटत नाही.

आणखी गंमत म्हणजे कंपनीनं तबकडीच्या मुख्य बाजूला ‘हार्लेम’ हे गाणं ठेवलं होतं, हे मागच्या बाजूला. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून लावली. गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, त्याला ग्रॅमी मिळालं, मायकल जॅक्सननंही पोरवयात ते गायलं. आणि कंपनीनं विदर्सला काय भेट दिली? संडासाची सोनेरी सीट.

‘लीन ऑन मी’ कुणावर लिहिलंय?

कुणा एकावर नाही, एका गावावर. लॉस एंजेलिसला शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता. विदर्सला स्लॅब फोर्क आठवायचं, जिथे कुणाकडे काही कमी पडलं तर पलीकडच्या घरातून यायचं, त्याची वाच्यता व्हायची नाही. नव्यानंच घेतलेल्या वुर्लिट्झर या विजेच्या पियानोवर तो बोटं नुसती वरखाली फिरवत होता, आणि त्या वरखालीलाच शब्द चिकटले.

तो एक किस्सा सांगायचा. नौदलात असताना सुट्टीत फ्लोरिडाहून गावी निघाला होता. अलाबामातल्या आडरस्त्यावर टायर फुटला. जवळ स्टेपनी नाही, नवा टायर घ्यायला पैसे नाहीत. टेकडीवरून एक रांगडा गोरा माणूस चालत आला. तो काळ, ते राज्य, आणि हा एकटा कृष्णवर्णीय तरुण. काय वाटलं असेल सांगायला नको. त्या माणसानं बघितलं, टायर आणतो म्हणाला आणि टेकडीपलीकडे नाहीसा झाला. आता हा काय घेऊन येतो, म्हणून याचा जीव टांगणीला. तो खरोखरच टायर घेऊन आला आणि बसवायलाही हात लावला.

म्हणजे गाण्यातलं ‘माझ्या खांद्यावर टेक’ हे सुविचाराच्या पाटीवरचं वाक्य नाही. तसं प्रत्यक्षात होतं, हे बघून लिहिलेलं आहे. जुलै १९७२ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटानं ते नव्यानं म्हटलं आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. त्यावर विदर्सला गीतकार म्हणून तिसरं ग्रॅमी मिळालं, तेही गाणं सोडून दिल्यानंतर.

‘ग्रँडमाज हँड्स’मधली आजी खरी का?

खरी. लुला गॅलोवे. हे माझं सगळ्यात आवडतं गाणं, म्हणून जरा पाल्हाळ होईल.

आजीवर गाणं लिहायचं म्हटलं की आपण तिची माया, तिचे संस्कार वगैरे सुरू करतो. विदर्स फक्त तिचे हात दाखवतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, टॅम्बोरिन वाजवणारे. ‘बिली, एवढं पळू नकोस, काचेवर पडशील, गवतात साप असेल,’ असं बजावणारे. लग्नाआधी दिवस गेलेल्या गावातल्या पोरीला धीर देणारे. कधी दुखणारे, सुजणारे. खाऊ देणारे, आणि बिलीच्या आईला ‘त्याला मारतेस कशाला’ म्हणून थांबवणारे. दोन मिनिटांत एक अख्खं आयुष्य उभं राहतं आणि ‘माया’ हा शब्द कुठेही येत नाही.

गाण्याच्या सुरुवातीला तो ओठ मिटून हुंकार देतो. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाच्या ‘नो डिगिटी’नं तो हुंकार उचलला आणि ते गाणं जगभर वाजलं. आजच्या मुलांना हुंकार ओळखीचा असतो, आजी नसते.

त्याचा सगळ्यात चांगला अल्बम कोणता?

लोक ‘स्टिल बिल’ (१९७२) म्हणतात आणि ते बरोबरच आहे. ‘लीन ऑन मी’ आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं ‘यूज मी’ त्यातच आहेत. जेम्स गॅडसनचा ड्रम ऐका. तबलजीच्या कानाला तो लगेच पटेल: ठेका सरळ, पण आत बारीक नक्षी चाललेली असते.

माझं मत मात्र न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीला. रेकॉर्डिंग ६ ऑक्टोबर १९७२ चं, अल्बम १९७३ चा. त्यात तो गाण्यांच्या मधे बोलतो. आजीबद्दल, तिच्या चर्चबद्दल. तोतरा म्हणून ज्याचं बालपण गेलं तो माणूस भरल्या सभागृहाला गप्पांत गुंगवून ठेवतो.

‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ म्हणजे काय गाणं आहे?

त्याच मैफलीतलं. व्हिएतनाम युद्धात उजवा हात गमावलेला एक तरुण सैनिक. आईला पत्र लिहायचंय, पण डाव्या हातानं लिहिता येत नाही, म्हणून तो कुणालातरी सांगतो, माझ्या वतीनं लिही. वकिलाला कळवायला सांग, धाकट्या भावाला सैन्यात जाण्यातून सूट मिळते का बघायला सांग. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचं काही वाकडं केलं नाही, अशा माणसानं मला गोळी घातली.

घोषणा नाही, सरकारला शिव्या नाहीत. पत्र आहे फक्त. शाळेत वाजवावं का, असं एका पालकांनी विचारलं होतं. मोठ्या मुलांसमोर जरूर वाजवा, आधी अर्थ सांगून.

‘लव्हली डे’मधला तो लांब सूर किती सेकंदांचा?

अठरा. गाण्याच्या शेवटाकडे ‘डे’ हा शब्द तो अठरा सेकंद धरून ठेवतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून माझ्या क्लासात स्पर्धा होते. पोहणारी मुलं जिंकतात. धरण्यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे: सूर हलत नाही आणि दम लागल्याचं दाखवत नाही.

गाणं १९७७ चं, ‘मेनॅजरी’ अल्बममधलं, स्किप स्कारबरो या गीतकाराबरोबर लिहिलेलं. इंग्लंडमध्ये ते अमेरिकेपेक्षा जास्त चाललं आणि १९८८ मध्ये नव्या रूपात पुन्हा वर आलं.

‘जस्ट द टू ऑफ अस’ त्याचं का ग्रोव्हर वॉशिंग्टनचं?

दोघांचं म्हणा. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरच्या ‘वाइनलाइट’ (१९८०) या अल्बमसाठी ते झालं. राल्फ मॅकडोनल्ड आणि बिल सॉल्टर यांनी गाणं आणलं, विदर्सनं शब्दांवर हात फिरवला आणि गायलं. १९८१ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर, मग ग्रॅमी.

या काळात विदर्स दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर गात होता, स्वतःचं काही येत नव्हतं. का, ते पुढच्या उत्तरात.

त्यानं गाणं का सोडलं?

आवाज गेला नव्हता, व्यसन नव्हतं, दिवाळं निघालं नव्हतं. लोकांना यावर विश्वास बसत नाही, पण त्याला कंटाळा आला होता. गाण्याचा नाही, गाण्याच्या धंद्याचा.

ससेक्सशी पैशांवरून बिनसलं. रागाच्या भरात त्यानं केलेल्या एका अख्ख्या अल्बमच्या टेप पुसून टाकल्या, असं तोच सांगायचा. १९७५ मध्ये ससेक्स बंद पडली आणि तो कोलंबिया या मोठ्या कंपनीत गेला. तिथे त्याची गाणी ऐकून ‘इथे ट्रम्पेट घाला, इथे पोरी गाऊ द्या’ सांगणारे अधिकारी. एकानं तर एल्व्हिस प्रेस्लीचं ‘इन द घेटो’ गा म्हणून सुचवलं. वस्तीतल्या गरिबीवरचं गाणं, एका गोऱ्या गायकानं गाजवलेलं, आणि ते आता स्लॅब फोर्कच्या पोरानं परत म्हणायचं! कृष्णवर्णीयांना काय आवडतं हे कृष्णवर्णीयांनाच शिकवणाऱ्या या गोऱ्या तज्ज्ञांसाठी त्यानं ‘ब्लॅक्सपर्ट’ असा शब्दच बनवला होता.

१९७८ नंतर सात वर्षं एकही अल्बम नाही. १९८५ मध्ये ‘वॉचिंग यू वॉचिंग मी’ आला, तो शेवटचा. त्यानंतर जेनिफर हॉलिडे या गायिकेबरोबर एक दौरा केला आणि थांबला.

इथे तो डबा आठवावा. आपलं पोट आपण दुसऱ्या कामावर भरू शकतो, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं त्याला साहेबाची भीती नसते. विसाव्या वर्षी स्टार झालेल्याला गाण्यावाचून दुसरं जग माहीत नसतं. यानं दूध टाकलं होतं, विमानं दुरुस्त केली होती.

मग पुढे पोट कसं चाललं?

छान चाललं. गाणी त्यानं स्वतः लिहिलेली, त्यामुळे रेडिओ, सिनेमा, जाहिरात, दुसऱ्याचं रेकॉर्ड, कुठेही वाजलं की गीतकाराचा वाटा येत राहिला. त्याची प्रकाशन कंपनी बायको मार्शिया सांभाळायची. माझ्याकडे गाणी लिहिणारी दोन-तीन मुलं येतात, त्यांना हे मी आवर्जून सांगतो: सही करण्याआधी गीताचे हक्क कुणाकडे राहतात ते वाचा.

घरचं काय?

१९७३ मध्ये अभिनेत्री डेनीस निकोलसशी लग्न झालं, ते वर्षभरातच मोडलं. १९७६ मध्ये मार्शियाशी दुसरं लग्न. दोन मुलं, टॉड आणि कोरी.

मुहम्मद अलीशी त्याचा काय संबंध?

ओझरता. १९७४ मध्ये झाईरच्या (आताच्या काँगोच्या) किन्शासात अली आणि फोरमन यांची गाजलेली मुष्टियुद्धाची लढत व्हायची होती. त्यासोबत मोठा संगीत महोत्सव ठेवलेला, त्यात जेम्स ब्राउन, बी. बी. किंग यांच्याबरोबर विदर्सही गायला. लढत पुढे ढकलली गेली, महोत्सव ठरल्या वेळी सप्टेंबरमध्ये झाला. त्याचं चित्रण ‘सोल पॉवर’ या माहितीपटात आहे.

निवृत्तीनंतर तो परत आला का?

गायक म्हणून म्हणाल तर नाही. २००४ मध्ये गायक जिमी बफेट यांच्या अल्बममध्ये त्यानं लिहिलेली गाणी होती. २००५ मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, नाव गेलं. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. तिथे स्टीव्ही वंडरनं त्याचा सत्कार केला, जॉन लेजंड गायला. त्याच वर्षी कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला, त्यालाही तो हजर होता. लोक दरवेळी ‘आता गाणार’ म्हणून आशेनं बघत, आणि तो मिस्कीलपणे विनोद करून बसून राही.

मृत्यू कोविडनं झाला का?

नाही. हृदयविकारानं, लॉस एंजेलिसमध्ये, वय ८१. बातमी चार दिवसांनी, ३ एप्रिल २०२० ला आली. घोटाळा होतो तो काळामुळे. जग घरात कोंडलेलं होतं आणि त्याच आठवड्यांत लोक खिडक्यांत उभे राहून, दवाखान्यांतले कर्मचारी वॉर्डात जमून ‘लीन ऑन मी’ म्हणत होते.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘ग्रँडमाज हँड्स’, मग ‘यूज मी’, मग पूर्ण कार्नेगी हॉल. ‘लव्हली डे’ गाडीत. ‘एन्ट नो सनशाइन’ हेडफोन लावून, कारण मधे सगळी वाद्यं थांबतात आणि त्या ‘आय नो’मागे फक्त ड्रम उरतो, ते मोबाइलच्या स्पीकरवर निसटतं.

कीबोर्डवर ‘लीन ऑन मी’ कसं वाजवायचं?

पांढरी एक म्हणजे सा धरा. एकही काळी पट्टी लागत नाही. उजव्या हातानं सा-ग-प एकदम दाबा. आता हाताचा आकार न मोडता पूर्ण हात एकेक पट्टी वर सरकवा: रे-म-ध, ग-प-नी, म-ध-सां. म वर पोचलात की थोडं थांबा आणि तसेच खाली या. पुन्हा सा वरून ग पर्यंत चढा आणि या वेळी रे वरच थांबा. ओळ लोंबकळल्यासारखी वाटेल, ती तशीच वाटायला हवी, पुढची ओळ तिला उचलून घेते. मुलं घाईत म वरचं थांबणं खातात. मी त्यांना सांगतो, टेकडीवर चढलास की जरा दम खा, मग उतर.